वशिंडाशिवायचे बेचाळीस बैल

२ शहरेवर १३४५ फसली (निजाम सरकारचा महिना नि सन; आपला आषाढ)

काल औरंगाबादहून परत आलो. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग झालं. येताना बैलगाडीनं हाडं खिळखिळी केली, पण ट्रेनिंग डोक्यात शाबूत आहे. शेवटच्या दिवशी लेक्चरर साहेब म्हणाले, वर्ग नीट लावलेला असला की मुलांची कल्पकता फुलते. हे मी वहीत लिहून घेतलं. पुढे आणखी एक वाक्य होतं, पण पेन्सिलीचं टोक मोडलं. एवढं पुरे आहे.

निश्चय : पोळ्यापर्यंत आपली शाळा तालुक्यात एक नंबर. पोळा झाला की शाळा तपासणारे मोहतमीम साहेब मुआयन्याला येणार. त्यांचा शेरा चांगला पडला की मी मुस्तकिल, म्हणजे कायम. कायम झालो की बदली जालन्याला. तीन वर्षं हंगामी मास्तर म्हणून या गावात काढली, आता बस्स. जालन्याच्या घरात तुळस कुठे ठेवायची हे सौ. अरुंधतीनं ठरवूनसुद्धा टाकलं आहे.

५ शहरेवर

वर्ग लावला. बेचाळीस मुलं, सात ओळी, ओळीत सहा. जमिनीवर चुन्यानं चौकोन आखले. एका चौकोनात एक मूल. चौकोनाबाहेर पाय गेला तर कल्पकता बाहेर सांडते, हे मुलांना नीट समजावलं. त्यांना पटलेलं दिसलं.

जाळीच्या कपाटात हस्तकामाचं सामान. माती, रंग, कागद, डिंक. प्रत्येकावर लेबल. लेबलाखाली लाल शाईनं : हात लावू नये.

६ शहरेवर

शाळा झाडणारी साळूबाई. तिनं वऱ्हांड्यात सहा दुरड्या मांडून ठेवल्या आहेत. एकीत चिंचोके, एकीत चिंध्या, एकीत तुराट्या, एकीत ओल्या फडक्याखाली माती, उरलेल्या दोन्हींत देव जाणे काय. सुट्टीत मुलं तिथे बसून काहीबाही करतात. गबाळ नुसतं. म्हटलं, हे उचला. तर म्हणाली, "मास्तर, लेकरं घेत्यात अन् जिथलं तिथं ठिवत्यात. म्या कशापायी उचलू?"

ट्रेनिंग नसलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

९ शहरेवर

हस्तकामाचा पहिला तास. मुलांना म्हटलं, मोकळ्या मनानं हवं ते करा. रखमाजीच्या कचरूनं बैल केला. एक शिंग वर, एक खाली. म्हटलं हे काय? तर म्हणे, "आमच्या ढवळ्याचं तसंच हाय, गुर्जी." शिवाय मातीच्या पाण्यानं तीन चौकोन पुसले गेले. तिसऱ्या ओळीला आपण कुठे बसतो हेच कळेना.

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला बांधली. आता हरवायचा प्रश्नच नाही.

१२ शहरेवर

पोळ्याला मुलं मातीचे बैल करतातच. तेच मुआयन्याला मांडायचे. पण बेचाळीस मुलांच्या बेचाळीस तऱ्हा. साहेबांना काय दाखवणार? आंघोळ करताना उपाय सुचला. सुताराकडून लाकडी साचा करून घ्यायचा. सगळे बैल एका मापाचे. ट्रेनिंगला असलेल्या तीस मास्तरांपैकी एकालाही हे सुचलं नसेल.

१८ शहरेवर

साचा आला. बैल बाहेर येतो, वशिंड आत अडकून राहतं. सुतार म्हणाला, "साचा दोन फाळक्यांचा करावा लागंन, आठ दिस द्या." आठ दिवस कुठून आणू? वशिंडाचा खड्डा लाखेनं बुजवून घेतला. आता सटासट बैल निघतात. वशिंड म्हणजे तरी काय, पाठीवरचा फुगवटा. विलायतेत बिनवशिंडाच्या गाईबैलांवरच सगळं चालतं असं एका कॅलेंडरवर पाहिलं आहे.

अरुंधतीला दाखवला. म्हणाली, छान आहे, पण कुत्रा कशाला केलात?

तिला उजेड कमी पडला असावा.

२६ शहरेवर

बेचाळीस बैल तयार. साचा मुलांच्या हाती दिला नाही, मीच काढले. मुलांनी चौकोनात बसून पाहिलं. पाहण्यातूनही कल्पकता येते. कचरूनं विचारलं, "गुर्जी, यातला माझा कोन्चा?" प्रश्न बरोबर होता. म्हणून प्रत्येक बैलाच्या पोटाला लेबल लावलं. कचरूचा नंबर सतरा. त्यानं मान हलवली आणि सुट्टी होताच वऱ्हांड्यात पळाला.

उरलेली माती कपाटात. कुलूप. मुआयना होईपर्यंत उघडायचं नाही.

२९ शहरेवर

काल श्रावणी झाली. नवं जानवं घातलं, जुनं दुधना नदीत सोडलं. अंग हलकं वाटतं आहे.

११ मेहेर

आज खांदमळणी. उद्या पोळा, म्हणून आज गावभर बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळणं चाललं आहे. रखमाजी तसेच पिवळे हात घेऊन शाळेत आला, पोराचा बैल बघायला. नंबर सतरा उचलला आणि त्याच्या मानेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, वशिंडच न्हाई. मंग जू कुठं टेकवायचं? अन् मी मळू काय?"

हे मॉडेल आहे, हे समजावलं. तो मान हलवत गेला. संध्याकाळी मारुतीच्या पारावरून गेलो तर सगळा पार हसत होता. शेतकऱ्यांना नवी पद्धत पचायला वेळ लागतो.

१३ मेहेर

उद्या मुआयना. साळूबाईला पुन्हा सांगितलं, दुरड्या हलवा. म्हणाली, "हलवून राह्यले ना." दुपारी पाहिलं तर एकही हललेली नव्हती. घरून चादर आणून सगळ्यांवर टाकली. प्रश्न मिटला.

चौकोनांवर नवा चुना. बेचाळीस बैल एका ओळीत. स्वतःचाच वर्ग पाहून डोळे भरून आले. अरुंधतीला म्हटलं, तुळशीची कुंडी बांधायला घे.

१४ मेहेर, संध्याकाळ

मुआयना झाला. घडलं तसं लिहितो.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. ओळी पाहिल्या, चौकोन पाहिले, म्हणाले, "बहुत खूब." मी मनानं जालन्याला पोचलो. मग ते बैलांपाशी थांबले. पहिल्या मुलाला विचारलं, "ये किसका बैल है?" तो म्हणाला, नंबर एक. दुसरा म्हणाला, नंबर दोन. साहेबांनी तिसऱ्याला विचारलंच नाही. मला म्हणाले, मुलांना सामान द्या, आत्ता काहीतरी करू देत.

मी ऐटीत सदऱ्यात हात घातला. जानवं होतं, किल्ली नव्हती. जुन्या जानव्याबरोबर ती दुधनेत गेली, आणि सोळा दिवसांत कपाट उघडायची कुणालाच गरज पडली नाही. मुलं हाताची घडी घालून जाळीआडची लेबलं वाचत बसली. साहेबही वाचत होते. हात लावू नये, हे त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं.

मग कचरू उठला. चौकोन ओलांडला, वऱ्हांड्यात गेला आणि माझी चादर ओढली. पाठोपाठ एकेचाळीस.

अर्ध्या तासात काय काय झालं! तुराट्यांची गाडी, चिंचोक्यांच्या डोळ्यांचं घुबड. कुणीतरी खुद्द साहेबांना केलं, पोटासकट. साहेब पोट धरून हसले. कचरूनं ढवळ्या केला. एक शिंग वर, एक खाली, आणि हे एवढं वशिंड. सारा वेळ साळूबाई खांबाला टेकून बसली होती. शेवटी एवढंच म्हणाली, "फडकं वलं करून झाका रे." कुणी काही न सांगता चिंचोके चिंचोक्यांत गेले, तुराट्या तुराट्यांत.

साहेबांनी विचारलं, ही व्यवस्था कुणी लावली? मी म्हणालो, माझीच. त्याच वेळी बेचाळीस मुलं म्हणाली, साळूबाईनं.

साहेब माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्टर, चीज़ अपनी जगह इसलिए रखते हैं कि बच्चे का हाथ बेखौफ चले."

ट्रेनिंगला पेन्सिलीचं टोक मोडलं ते बहुधा याच वाक्यावर.

१६ मेहेर

शेरा आला. अरुंधतीला वाचून दाखवला : जमातीची, म्हणजे वर्गाची, व्यवस्था उत्तम. शेऱ्याची वही मिटली. तिनं उघडून पुढचं स्वतः वाचलं. जमात म्हणजे वऱ्हांडा. हस्तकामाचा तास तिथेच घ्यावा, मास्तरांनी मुलांत बसून शिकावं. मास्तर आणखी एक वर्ष हंगामी.

जालन्यासाठी जपलेलं रोप तिनं इथल्याच अंगणात लावलं. बोलली असती तर मी उत्तर तयार ठेवलं होतं.

२० मेहेर

वऱ्हांड्यात बसलो. इथे चौकोन नाहीत, त्यामुळे माझी मांडी नीट बसत नाही. साळूबाईनं मातीचा गोळा दिला. बैल केला. पाठ सपाट झाली. साळूबाई म्हणाली, "वशिंड ऱ्हायलं, मास्तर." म्हटलं, शेवटी लावणार होतो. लावलं. पडलं. पुन्हा लावलं.

कचरू येऊन शेजारी बसला. बैल हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि मी पहिल्या तासाला त्याच्याशी बोललो त्याहून पुष्कळ मायेनं म्हणाला, "बराबर जमून राह्यलं, गुर्जी. पन ह्यो कोनाचा बैल हाय?"

सगळी मुलं हात थांबवून माझ्याकडे पाहू लागली. मी आठवून पाहिलं. तीन वर्षं रोज गावातले बैल शाळेवरून शेतात जातात, संध्याकाळी परत येतात. एकाचंही शिंग डोळ्यांपुढे येईना.

म्हणालो, नंबर त्रेचाळीस.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.