सुरी जातीचे लामा

आयफेल, १२ नोव्हेंबर २००६

ती. मालिनीताईंस,
नीलांबरीचा कृ. सा. न. वि. वि.

दिवाळीचं पत्र पोचलं. चकल्यांचं पार्सल मात्र त्सोलवाल्यांनी, म्हणजे कस्टमनं, अजून अडवून ठेवलंय.

तुमच्या भावानं कोलोनची नोकरी सोडून इथं डोंगरात लामा पाळायला घेतले, त्याला तीन वर्षं होत आली. सुरी जातीचे, लोंबत्या रेशमी लोकरीचे, युरोपात फार थोडे. पिल्लं विकायची, लोकर विकायची आणि म्हातारपण त्यावर निभवायचं, असा बेत होता. पण या उन्हाळ्यात इकडच्या मेंढ्यांना ब्लूटंग नावाचा रोग आला. चिलटं चावून पसरतो म्हणे. आपले लामा ठणठणीत आहेत, तरी या पट्ट्यातून एकही जनावर बाहेर न्यायचं नाही, असा हुकूम निघालाय. बव्हेरियातल्या गिऱ्हाइकानं दोन माद्या ठरवल्या होत्या, त्यानंही नाही म्हणून कळवलं. हे म्हणतात, थांबू.

मी सकाळी शेण काढून, अंघोळ करून कोलोनला लॅबमध्ये जाते. परवा गाडीत शेजारच्या बाईनं माझ्या केसांतली गवताची काडी काढून हातात दिली आणि हसली. मला हसता आलं नाही. आणि आमची लेक! ऊर्जा हॉस्टेलवरून आली की फाटकातच जर्मनमध्ये सांगते, इथं वास येतो.

ताई, तुमचं ते ऐकतात. एकदा लिहा ना त्यांना, की आता पुरे.

तुमची माया आहे तशी पाठीशी असू द्यावी.

आपली,
नीलांबरी

मिरज, ३ डिसेंबर २००६

चि. सौ. नीलांबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शशीनं लामा घेतले असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या शेजारच्या कुसुमताईंना वाटलं, तो तिबेटी साधूंची सेवा करतोय. चार दिवस त्या मला फार मानानं वागवत होत्या. आणि ‘सुरी’ नावाचं जनावर कुणी दारात बांधतं का? मी तेव्हाच म्हटलं होतं, हे कापणार.

थट्टा राहू दे. तुझं पत्र दोनदा वाचलं. मी त्याला काही लिहिणार नाही. माझ्या शब्दाखातर तो लामा सोडेल, आणि मग जन्मभर म्हणेल की ताईनं सोडायला लावले. त्यात तुझं काय झालं? तू थकलीस हे त्याला माझ्याकडून का कळावं? आमच्या घरात कुणाला खुणा कळत नाहीत. तुझे मामंजी ताप अंगावर घेऊन जेवायला बसायचे, आई विचारायची नाही आणि ते सांगायचे नाहीत. शशी त्यांचाच मुलगा. तोंडावर सांग, शब्दात सांग. भांडण झालं तर होऊ दे.

गुडघे बरे आहेत. तुला कानटोपी विणते आहे.

अंतर लांबचं असलं तरी मन जवळ ठेव.

तुझी,
मालिनीताई

आयफेल, २० मे २००७

ती. मालिनीताईंस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. सांगायचं होतं ते सांगून झाल्याशिवाय लिहवेना.

गेल्या आठवड्यात रंभा व्यायली. (नावं ह्यांनीच ठेवलीत, सगळ्या अप्सरा.) लामा बहुतेक दिवसाउजेडीच आणि विनासायास वितात. पण पिल्लाचा एक पाय आत दुमडून अडकला. डॉक्टर दुसऱ्या गावी होते, ते फोनवरून सांगत होते. ह्यांचा हात मोठा, म्हणून मी साबण लावून हात घातला. हे रंभेची मान धरून, फोन कानाशी दाबून एकेक वाक्य मला मराठीत सांगत होते. पाय हाताला लागला, सरळ झाला, आणि काळं कुळकुळीत पिल्लू पेंढ्यावर आलं. मादी आहे. रंभा त्याला हुंगत बारीक गुणगुणत राहिली.

तेव्हाच, तशाच बरबटलेल्या हातांनी मी ह्यांना म्हटलं की माझ्याच्यानं हे आता होत नाही. ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले आणि म्हणाले की त्यांच्याच्यानंही होत नाही, गेल्या हिवाळ्यापासूनच. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाले, तुला मीच इथं आणलं, कुठल्या तोंडानं सांगू.

ताई, मला आनंद व्हायला हवा होता. रागच आला. अख्खा हिवाळा आम्ही दोघं एकमेकांसाठी शेण काढत होतो!

बंदी उठेपर्यंत विकता येणार नाहीत. पण आता निदान आळीपाळीनं थकतो. कानटोपी घट्ट होते, तरी घालते.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपली,
नीलांबरी

आयफेल, १४ ऑक्टोबर २००८

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या खेपेला मी लिहितो, कारण नीलांबरी म्हणाली की हे माझं मी सांगायचं.

लामा गेले. आता सगळा जर्मनीच त्या पट्ट्यात आलाय, त्यामुळे आतल्या आत जनावरं हलवता येतात. झाउअरलांडमधलं एक शिक्षक जोडपं येऊन घेऊन गेलं. कितीला, ते विचारू नकोस. रंभा गाडीत चढेना. मी समजावायला गेलो, तर माझ्या तोंडावर थुंकली. मग नीलांबरी न बोलता पुढं चालत गाडीत चढली आणि रंभा तिच्यामागून गेली. पिल्लूही गेलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी नीलांबरी रस्त्यातच उभी होती. मी आत चल म्हटलं नाही. शेजारी उभा राहिलो.

मला जवळच्या गावात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत काम मिळालंय. साहेब माझ्याहून लहान आहे, पण बरा आहे.

परवा रविवारी सवयीनं उठलो, बूट चढवले, अंगणात गेलो. करायला काहीच नव्हतं. परत येऊन चहा टाकला, हिला उठवलं नाही. ऊन चांगलं वर आल्यावर ती खाली आली, खिडकीतून कुरणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, कुंपण दुरुस्त करायला हवं. आता कशासाठी, असं मी विचारलं. ती म्हणाली, मोडकं बघवत नाही.

दुपारी दोघांनी मिळून केलं.

आशीर्वाद असू दे, आम्हा दोघांनाही.

तुझा,
शशी