झाडाला सांगायची वजह

साहेब, तुम्हाला जाऊन लई वर्षं झाली. रोपांच्या वाफ्यांवरच्या पाट्या दाखवून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, त्याच अक्षरांत हे लिहिते. अजून पाटीवरच्यासारखीच मोठाली येतात, चार ओळींत कागद भरतो.

निजामाच्या अमदानीत नोकरीला लागलेले तुम्ही हिमायतनगरच्या रानाचे रेंजर, आणि मी तुमच्या रोपवाटिकेत पाणी घालणारी बाई. तोडीच्या दिवशी तुम्ही शिक्क्याचा हातोडा कमरेला खोचून पुढं, ठेकेदार मागं. शिक्का उमटल्याशिवाय झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हा सरकारचा कायदा. तुमचा मात्र घरचा एक कायदा होता. झाडाभोवती फेरी मारायची, बुंध्याला तळवा लावायचा आणि म्हणायचं, "पहिले वजह सांगा. मोठ्यानं. झाडाला ऐकू आलं पाहिजे." ठेकेदार दात काढायचा, "साहेब, झाडाला कान असतेत व्हय?" "तुम्हाला हायेत ना? मग तुम्हीच ऐका." सांगताना माणूस चाचरला, की हातोडा परत कमरेला.

भूकंप झाला तेव्हा तुम्ही पेन्शनीत होता, गुडघे धरलेले. तरी टेम्पोत कडुलिंबाची रोपं भरून निघालात, सोबत मी. लातूरकडच्या त्या गावात माणसं पत्र्याच्या शेडपुढं बसलेली. एक म्हातारी उसळलीच, "पत्रे तापून राहिलेत, लेकरं भाजून राहिलीत, आन् तुम्ही रोपटी आणता?" तुम्ही खाली बसून खड्डा घ्यायला लागलात. "अम्मा, पत्रे तापून राहिलेत, हीच वजह." म्हातारीनं पदर खोचला आणि स्वतःच माती ओढली. उरलेलं एक रोप मी लातुरात लेकीच्या दारापुढं, रस्त्याच्या कडेला लावलं.

त्या लिंबाखाली आता माझी खानावळ आहे. गावोगावची पोरंपोरी क्लाससाठी लातुरात येतात, माझ्या हातची भाकरी खाऊन डॉक्टर व्हायला निघतात. परवा दुपारी पोरं जेवत असताना शेजारच्या क्लासचे सर करवतवाले घेऊन आले. परवानगीचा कागद कुठाय, मी विचारलं. "होऊन जाईल." मी तवा उतरवला, पिठाचा तळवा बुंध्याला लावून उभी राहिले.

"आजी, बाजूला व्हा."

"होते की. आधी वजह सांगा, मोठ्यानं. झाडाला ऐकू आलं पाहिजे."

पोरांचे घास हातातच राहिले. सरांनी इकडं-तिकडं बघितलं, पुटपुटले, "गाड्या लावायला जागा न्हाई."

मागच्या पंगतीतून एक पोरगी ओरडली, "सर, मागं ऐकू आलं न्हाई!"

असा हशा पिकला म्हणून सांगू! सरांनाही हसू आवरेना, करवत माघारी गेली. पुन्हा येतो म्हणालेत. येऊ द्या, मीबी कुठं पळून चालले? महापालिकेत अर्ज दिलाय, माझ्याच अक्षरात. वजह पटेल तोवर हा तळवा काही हलत नाही.

पण साहेब, त्या हशात मी हसले नाही. मला आपला रोपवाटिकेमागचा तो ताजा खुंट आठवला. कोवळा साग, वर शिक्का नाही. तुम्ही आम्हा सगळ्यांना बोलावलंत, पण रागावला नाहीत. "ज्यानं तोडलं त्यानं वजह तरी सांगून जावं," एवढंच म्हणालात आणि ऊन डोक्यावर येईस्तोवर खुंटाशेजारी बसून राहिलात. मी झारी घेऊन दोनदा तुमच्या पुढून गेले.

मीच तोडला होता. छपराला आधार देणारी मेढ मोडली होती आणि लेक आठ दिवसांची होती. तुम्ही ऐकून घेतलं असतं, हे तेव्हाही ठाऊक होतं.

हे सगळे कागद घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवते. आज पहाटे लिंबाला तळवा लावून हीच वजह मोठ्यानं सांगायला गेले होते. आवाज फुटला नाही.