कोर्टापुरतं घर

मी खाली सही करणारी, धंदा कपडे बेतण्याचा, लग्न केलेले नाही, वय सत्तरीला टेकलेले. गुडघे सोडले तर माझे सगळे ठिकाणावर आहे, डोके तर नक्कीच. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करते. दटावणी झाली ती काल, आणि तीही दुसऱ्याच कागदावर सही करण्यासाठी.

१. घर. पुढे तीन खोल्या, मागे माझी खोली. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, त्याचा शर्टांचा कारखाना बुडायच्या जरा आधी ते माझ्या नावे विकले आणि मग दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्यांची देणी थकली होती त्यांच्या वकिलाने हरकत घेतली, की देणी बुडवायलाच घर बहिणीकडे सरकवले आहे, विक्री रद्द करून लिलाव करा. न्यायाधीशांनी मला विचारले, घर खरेच तुमचे का? मी शपथेवर सांगितले, "घर माझंच आहे. शिवणकामाच्या कमाईतून घेतलं." एकही शब्द चुकला नाही म्हणून बाहेर आल्यावर दादाने माझी पाठ थोपटली. घर वाचले. मी बोलले ते खरे की खोटे, यावर इथे काही लिहू नये असे माझ्या वकीलबाईंनी बजावले आहे, म्हणून लिहीत नाही.

मागच्या बाकावर काजवाली बसली होती. कारखान्यात ती काजबटणे करायची, आम्ही एकाच टेबलावर डबा खायचो. स्वतःची खोली घ्यायची म्हणून ती पगारातला मोठा हिस्सा दादाकडेच साठवत होती. तिच्या हाती काही लागले नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. अजून भाड्याच्या खोल्यांतून बिऱ्हाड हलवत फिरते.

मी मात्र माझ्याच घरात पोटभाडेकरूसारखी राहिले. पाहुणे आले की वहिनी माझी ओळख करून द्यायची, "ह्या आमच्याकडेच असतात."

काल दादा कागद घेऊन आला. घर आता परत त्याच्या नावावर करायचे, म्हणजे त्याच्यामागे ते पुतण्याला मिळेल. मी म्हटले, "मग मी कोर्टात सांगितलं त्याचं काय?" तो हसून म्हणाला, "ते कोर्टापुरतं होतं गं." मी सही केली नाही.

वडील गेल्यावर मला याच दादाने वाढवले. माझी त्याच्यावर माया आहे. तरीही लिहिते: माझ्यामागे हे घर काजवालीला द्यावे. तिला मी अजून कळवलेले नाही. ती दार उघडेल का, याचीच धास्ती वाटते.

२. दादा आणि वहिनी यांना हयात असेपर्यंत मागच्या खोलीत राहण्याचा हक्क राहील. तिथली खिडकी नीट लागत नाही. पावसात खाली फडके ठेवावे, मी तेच करत आले.

३. माझी मोठी कात्री दादाला. मी शिकायला लागले तेव्हा स्वतःला बूट न घेता त्याने ती मला घेऊन दिली होती.

४. कपाटाच्या किल्ल्या वहिनीकडून काजवालीने मागून घ्याव्यात. मला कधी मागता आल्या नाहीत.

५. पुतण्याला माझे शिवणयंत्र. विकायचे असेल तर तेल घालून विकावे.

६. हे मान्य नसेल तर दादाने खुशाल कोर्टात जावे. तिथे त्याला शपथेवर सांगावे लागेल की घर बहिणीचे कधी नव्हतेच. मग ते त्यालाही राहायचे नाही, जुन्या देण्यांपायी जाईल, असे वकीलबाई म्हणतात. दादा, कोर्टात जाऊ नकोस. घर माझेच आहे, हे तूच मला शिकवलेस.

अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

साक्षीदार: समोरचे इस्त्रीवाले (सही). खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही). दोघांनी मला सही करताना पाहिले.

तारीख: दादाने कागद आणला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.
सही: दादाची बहीण, बेतणारी.
ठिकाण: माझे घर.