कोल्ह्याच्या कातड्याबाबत खुलासा

पडेगाव, पौष वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप तात्यासाहेबांच्या पायांवर जावई काकासाहेबाचं डोकं. (पागोटं काढून ठेवलंय, असं समजावं.) इकडे मी खुशाल आहे. आपल्या गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावावं आणि वेरूळच्या थंडीत पहाटे अंघोळीचा हट्ट सोडावा. आशाबाईलाही चार शब्द लिहिले होते, पण ती माझं पत्र उघडत नाही, म्हणून आपल्याला तसदी देतो.

ती माहेरी जाऊन महिना झाला. जावई धड काही करीपर्यंत मुलगी नांदायला धाडणार नाही, हा आपला निरोपही पोचला. मी तिची तांबडी कोंबडी कोल्ह्याच्या सापळ्यात ठेवली, हे तिनं सांगितलंच असेल. ते खरं आहे. त्यामागचा विचार मात्र तिनं सांगितला नसणार.

पोलीस ॲक्शन झाली, जहागीर गेली आणि जहागीरदारांचा शिकारखानाही गेला. (मी त्या शिकारखान्यात होतो म्हणूनच आपण सोयरीक केलीत, हे मी विसरलेलो नाही.) छावणीतले कय्युम टेलर म्हणाले, साहेबांच्या मडमांना कोटाच्या गळ्याला कोल्ह्याचं केसाळ कातडं हवं आहे. इतकी विद्या अंगात असताना मी गप्प का बसावं? दोन शागीर्द घेतले. एक आमच्या शेजारचा सांडू, ज्याची टरबुजं कोल्हे खातात, आणि दुसरा कय्युमभाईंचा गयास. दोघांनी आयुष्यात उंदीरसुद्धा धरलेला नाही, त्यामुळे शिकवायला सोपे.

कोल्ह्याच्या शिकारीला निघताना वाघाच्या शिकारीची तयारी ठेवावी, असं म्हणतात. म्हणून लोहाराकडून वाघ मावेल असा पिंजरा करून घेतला. मागच्या कप्प्यात, मध्ये जाळी घालून, तांबडी बसवली. कोल्हा चार दिवस आत यायचा, तिच्याकडे बघत बसायचा आणि निघून जायचा, कारण त्याच्या वजनानं दार पडत नव्हतं. पाचव्या दिवशी शागिर्दांना खटका समजावून सांगायला मी स्वतः आत गेलो. दार उत्तम पडलं. (लोहार जेवायला गेला होता, म्हणून दुपारपर्यंत मी आणि तांबडी आतच होतो. तिनं मला बऱ्याच टोची मारल्या. वळण आशाबाईचंच.)

खटका हलका केला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना कोल्हा सापडला. कातडं काढायचं तर सांडू आडवा पडला. सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं आणि तासाभरात त्याचा हरवलेला बैल आपल्या पायानं दारात आला. "याला मारायचं नाय, उस्ताद. लई पायगुणाचा हाय," म्हणाला. गयासनंही, "नक्को मारो, उस्ताद," म्हणून पिंजऱ्याला पाठ लावली. मग काय, अख्खं पडेगाव कामावर निघण्याआधी माझ्या अंगणातून जाऊ लागलं. कुणाचा खटला, कुणाची सोयरीक. खुद्द कय्युमभाई कातडं न्यायला आले, तोंड बघून गेले, त्याच दिवशी त्यांना बारा कोटांचं काम मिळालं, आणि आता तेही म्हणतात की कातडं नको. गिऱ्हाईकच असं फिरल्यावर धंदा कसा चालणार, ते आपणच सांगा. असल्या खुळ्या समजुतींवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि मी पिंजऱ्याकडे पाठ करूनच बसतो.

बाकी सर्व ठीक.

आपला आज्ञाधारक,
काकासाहेब

ता. क. एक गोष्ट तेव्हाच सांगायला हवी होती. शिकारखान्यात मी स्वयंपाकाकडे होतो. बंदूक मी फक्त धुतलेल्या डेगांच्या शेजारी टेकवलेली पाहिली आहे. कोल्ह्यासाठी मी मटण शिजवतो, ते कय्युमभाईंनी चाखलं (कोल्ह्याच्या आधी), आणि छावणीतल्या साहेबांच्या खानसाम्याच्या जागी माझं नाव सांगितलं. पहिल्या तारखेपासून कामावर जायचं आहे. हे धड काम आहे की नाही, ते आपण ठरवावं.

आणखी ता. क. तांबडी सुखरूप आहे. कोल्ह्याशेजारी बसून अंडी घालते. घर मात्र फार रिकामं वाटतं. शागीर्द रोज म्हणतात, कोल्ह्याला आता सोडून देऊ, आणि मी रोज काहीतरी कारण सांगतो. आज उजाडताना, कुणी बघत नाही ना हे पाहून, मी त्याच्यासमोर जाऊन बसलो, त्याचं तोंड नीट बघितलं आणि मगच हे पत्र टाकायला निघतो आहे. आशाबाईला पाठवून द्या. ती उंबरा ओलांडेपर्यंत त्याला सोडायची माझी हिंमत होत नाही.