कूस बदलण्याचा तक्ता

सोमवार, १३ मे १९७४

पोचले बाई एकदाची! रेल्वेचा संप, एसटीत पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ऑफिसच्या जीपनंच शहराबाहेरची वाडी ओलांडून पुढं दोन मैल आणून सोडलं. शनिवारी सकाळी दहाला हीच जीप न्यायला येणार. तोवर मी, वच्छला हेडाऊ, तपासनीस, मुक्काम शुश्रूषागृह. पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा नीट होते की नाही ते पाहायचं, शेरा लिहायचा, सही ठोकायची. शेरा वाईट गेला तर इथं कुलूप.

जागा मात्र झकास. अंगणात आंब्याची दोन झाडं, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी मारलं की सगळा वॉर्ड घमघमतो. माठातलं पाणी असं गार की दाढेत कळ जाते. व्यवस्थापक चंपतराव हसतमुख. सारखं मॅडम मॅडम करतात त्याचा राग आला, पण चहा चांगला पाजला म्हणून सोडून दिलं. माणसं म्हणजे ते, एक स्वयंपाकी आणि जयवंता नावाची आया. खाटा बारा, पेशंट अकरा. बारावी खाट रिकामी, तरी चादर ताजी आणि ताणून घातलेली. अकरा माणसांना एक आया! मनात म्हटलं, वच्छले, इथं पाठी सडलेल्या सापडतात बघ.

मंगळवार, १४ मे

सकाळपासून अकराच्या अकरा पाठी पाहिल्या. एकाही पाठीला जखम नाही. कंबर, टाचा, कोपरं, सगळं साफ. तीस वर्षं नर्स होते मी, मोठ्या इस्पितळातसुद्धा असं पाहिलं नाही. पडून राहिलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर कातडी फाटते. इथं प्रत्येक खाटेच्या पायाशी तक्ता टांगलेला आहे. आठ वाजता डावी, दहा वाजता उजवी, बाराला पुन्हा डावी. एक रकाना कोरा नाही. प्रत्येकापुढं सही, 'सिं.'

जयवंताला लिहिता येत नाही, हजेरीलाही अंगठा लावते. मग हे कोण करतं, असं तिला विचारलं. सिंधूताई करतात म्हणाली, आणि बादली उचलून चालती झाली.

खोटे तक्ते मी ढीगभर पाहिलेत. पण खोट्या तक्त्यानं पाठ अशी राहत नाही. माझ्या आईची नव्हती राहिली. उमरेडला सात महिने पडून होती ती, आणि मी इकडं परक्यांच्या कुशी बदलत होते. घरी गेले तेव्हा जखमेत बोट जात होतं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. सांगायला आहे तरी कोण! नोव्हेंबरात रिटायर होईन, मग शहरात सदरला भाड्याची एक खोली आणि एक स्टोव्ह. मी पडले तर माझी कूस कोण बदलणार?

बुधवार, १५ मे

चार नंबरच्या खाटेवर गोपिकाबाई आहे, रामटेकची. आज तिनं माझा हात असा घट्ट धरला की सोडेना. मले उभं करून दे वं बाई, म्हणे, मी चालत आली होती इथं.

म्हातारी भरकटली असेल असं वाटलं. तरी भरतीचं रजिस्टर मागवलं. 'कसे आले' या रकान्यात दहा नावांपुढं 'चालत'. अकरावा बुवा तर सायकलवर आलेला! आणि महिन्याच्या आत सगळे आडवे. बाहेरून येणाऱ्या डॉक्टरचा शेरा, वार्धक्य. ह्यॅ! म्हातारपण काय सगळ्यांना मोजून महिन्याभरात झोपवतं? गोपिकाबाईला शब्द दिला, शनिवारी तुला जीपमध्ये बसवते आणि तुझ्या पुतणीकडं पोचवते. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला.

दुपारी परीक्षा घेतली. आम्ही कोष्टी. तुटलेला धागा जोडायची आमच्या घरची एक गाठ आहे, दुसऱ्याला ती जमत नाही. गोपिकाबाईच्या लुगड्याचा काठ दोऱ्यानं चादरीच्या डाव्या कडेला त्या गाठीनं बांधला आणि दाराशी खुर्ची टाकून बसले. बाहेर लूचा गरम वारा सुटलेला, आत ताट्यांचं पाणी टपटपत होतं. डोळा लागला नाही, आईची शपथ. दोन वाजता कोणी आत आलं नाही. रबरी चपलांचा आवाज तेवढा पहिल्या खाटेपासून बाराव्या खाटेपर्यंत गेला. मग पाहिलं तर अकराही जण उजव्या कुशीवर. आणि गाठ चादरीच्या उजव्या कडेला. तीच आमची गाठ. पण ही मी मारली नव्हती.

गुरुवार, १६ मे

सकाळीच चंपतरावांना म्हटलं, तुमच्या सिंधूताईंना समोर उभं करा. त्यांनी मला ऑफिसात नेलं आणि कपाटावरच्या फोटोकडं बोट दाखवलं. फोटोला हार. एकोणीस वर्षं इथं नर्स होत्या, एकाहत्तरच्या मे महिन्यात गेल्या. मेल्यावरही ड्युटी सोडली नाही बाईंनी, असं ते पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले. तुम्ही काहून घाबरून राहिल्या मॅडम, म्हणे, कोणाले त्रास आहे काय? उठलेला पेशंट पडतो, हाडं मोडून घेतो, म्हणून झोपलेलाच बरा, हे ताईंचं पहिल्यापासूनचं मत.

माझं डोकंच फिरलं. ऑफिसातच अहवाल लिहिला, पेशंट ताबडतोब हलवावेत, घर बंद करावं. सही ठोकली. तडक वॉर्डात जाऊन गोपिकाबाईला काखेत धरून उभं केलं. चार पावलं चालली! हसत होती, रडत होती, मीही तशीच. नंतर पाहिलं तर तिच्या तक्त्यावर बाराचा रकाना कोरा होता.

दोनच्या सुमारास उन्हानं गरगरलं. जवळ बारावी खाट होती, तिच्यावर टेकले. घटकाभरच. जाग आली तेव्हा चार वाजले होते आणि मी दुसऱ्या कुशीवर होते. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, अगदी ठेवायची तशी. टाचांना तेल चोळलेलं. लिहायला लाज वाटते, पण आई गेल्यापासून इतकी गाढ झोप मला लागली नव्हती.

शुक्रवार, १७ मे

डावा पाय जड आहे. उन्हाचं असेल.

गोपिकाबाई काठी घेऊन दारापर्यंत जाते. तिचा तक्ता पूर्ण कोरा. बाराव्या खाटेला मात्र नवा तक्ता. नाव वच्छला हेडाऊ. कशी आली — चालत.

फाडला. जीपची वाट पाहायची नाही म्हटलं, बॅग उचलली आणि निघाले. फाटक समोर दिसत होतं. रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते. आंब्याखाली गुडघे गेले. चंपतराव आणि जयवंता धावले, उचलून आणलं. मी ओरडत होते, तिथं नको, तिथं नको! त्यांनी बाराव्या खाटेवरच ठेवलं.

चारला चपला आल्या. पाठीवर हात. माठातल्या पाण्यासारखा गार. आणि विचारलं, दुखतं का बाळा?

मला. चौपन्न वर्षांच्या बाईला. मला हे कोणी — कधी —

खूप रडले.

शनिवार, १८ मे

पेन्सिल उशीखाली होती. पाय आहेत, पण ऐकत नाहीत.

अहवाल गोपिकाबाईच्या कमरेला बांधला. ऑफिसात साहेबांच्याच हाती दे म्हटलं. चंपतरावांना नको.

आठ वाजता डावी केली. तोंड भिंतीकडं.

जीप! हॉर्न वाजला. दहाला पाच कमी. गोपिकाबाई उशाशी. चाल वं बाई, चाल वं. नाही उठता येत. ड्रायव्हरला आणायला गेली. तो उचलून नेईल. तरणा आहे, नेईल तो —

चपला.

खाट एक. दोन.

गोपिकाबाई, लवकर ये. लवकर —

कंबर दुखते. आठपासून एकाच कुशीवर. फार दुखते वं माय.

सात. आठ.

पायऱ्यांवर ड्रायव्हरचे बूट. गोपिकाबाईची काठी. आले ते, आले —

अकरा.

गार हात.

गोपिकाबाई, थांब वं. त्याले म्हण, थोडसं थांब. एवढी कूस बद