ऑर्विलच्या अडणाऱ्या गोळ्या

प्रिय वेंडेल भाऊजी,

तुमचा गुडघा आता बरा असेल. मी ठीक आहे. दफनाच्या दिवशी तुम्ही जेवणासाठी पाठवलेला हॅम पोहोचला, तुम्ही नाही. असो, हॅम चांगला होता.

ऑर्विल गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. कपाटं तीनदा लावून झाली, कुत्र्याला दिवसातून चारदा फिरवते (हल्ली तो पट्टा दिसला की पलंगाखाली जातो). म्हणून रविवारी आमचं पिस्तूल घेऊन नेमबाजी क्लबच्या सामन्याला गेले. गोळ्या ऑर्विलनेच शिसं ओतून, जुन्या काडतुसांत भरलेल्या, कॉफीच्या डब्यातल्या. पहिली सुटली. दुसरीचं रिकामं काडतूस बाहेर पडता पडता अडकलं आणि धुराड्यासारखं उभं राहिलं. आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे: पिस्तूल अडलं की हात वर करायचा, मग फेरी पुन्हा मिळते. मुभा दोनदाच असते, मी सात वेळा हात वर केला (विधवेला कोण अडवणार). रांगेतले नऊ जण थंडीत ताटकळले. शेवटी पंच लेस्टर म्हणाला, "अर्डिसवहिनी, हात आता वरच असू द्या. खालीवर करून खांदा धरेल."

मग त्याने दुकानातल्या पन्नास गोळ्या दिल्या. एकही अडली नाही. पाच वर्षं तुम्ही म्हणत होतात, दोष ऑर्विलच्या गोळ्यांचा. तो म्हणायचा, दोष तुम्ही आम्हाला विकलेल्या या पिस्तुलाचा. आणि एवढ्यावरून दोघा भावांनी बोलणं टाकलं. तर तुमचंच खरं होतं. हे लिहायला मला तीन दिवस लागले. उरलेला डबा टाकून द्यावा म्हणते.

तुमची वहिनी,
अर्डिस

ता. क. लेस्टरने त्यातली एक गोळी उघडून आतली बंदुकीची दारू तोलली. बरीच कमी निघाली. दारू कमी म्हणजे हाताला धक्का कमी, पण मग रिकामं काडतूसही पुरतं बाहेर फेकलं जात नाही. डब्याच्या तळाशी ऑर्विलच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'हलक्या भरल्या. अर्डिसचं मनगट.' माझं मोडलेलं मनगट गोळी झाडताना अजून दुखतं असं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. म्हणजे गोळ्या का अडतात हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तरी पाच वर्षं तो तुमच्या पिस्तुलाला नावं ठेवत राहिला.

ता. क. २. डबा टाकलेला नाही. एकेचाळीस उरल्यात. शिसं ओतायचा ऑर्विलचा साचा झिजून गेलाय, त्याच्या जोडीचा भांडणाआधीपासून तुमच्याकडेच आहे. पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. आणि भरायला बसाल तेव्हा शहाणपणा करून दारू वाढवू नका. मला अडणाऱ्याच हव्यात.