मिठावरचा केक

कोरेगाव,
१९ फेब्रुवारी २०२५

चि. यशराज यांस,
राजेश्वरीचे आशीर्वाद.

आशीर्वाद द्यावेत की नाही, यावर बराच विचार केला. पण जावयाला लिहायच्या पत्राची सुरुवात त्याशिवाय करायला हात वळत नाही. तेव्हा घेऊन टाका. इकडे सर्व क्षेम. बाळाला दोन नवे दात आले आणि प्रांजलचा एक पडला.

तुमचा हात कसा आहे? उजवा म्हणते मी. पाणिग्रहणाच्या वेळी माझ्या लेकीचा, प्रांजलचा, हात तुम्ही त्याच हाताने धरला होतात, म्हणून आपुलकीने विचारते.

कराडच्या डॉक्टरांना तुम्ही सांगितलंत म्हणे, की सासुरवाडीत कुकर फुटला. त्यात तुमचा हात भाजला आणि प्रांजलचं तोंड फुटलं. तुमच्यासारख्या तरुण माणसाची स्मृती इतक्या लवकर गेलेली पाहून वाईट वाटलं. म्हणून बाळाच्या पहिल्या वाढदिवसाची हकीकत लिहून पाठवते. संस्कृत शिकवणाऱ्याला उजळणीची खोड असते, सांभाळून घ्या.

केक घरीच करायचा हा हट्ट प्रांजलचा. बाळाचा पहिला केक विकतचा नको म्हणाली. कणीक, तूप, दही, वेलदोडा, आणि तुमच्याच वाळव्याच्या गुऱ्हाळातला गूळ. आमच्याकडे ओव्हन नाही. कुकरच्या तळाशी जाडं मीठ पसरायचं, ते कडकडीत तापवायचं आणि त्यावर पिठाचा डबा ठेवायचा. पहिला केक खापरासारखा निघाला. तो कावळ्यांना घातला. कावळ्यांनीही विचार करून खाल्ला. दुसरा मात्र असा फुगला की प्रांजल त्याच्याभोवती लहान मुलीसारखी नाचली.

मग सजावट. कडेने पाचगणीच्या स्ट्रॉबेऱ्या. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यात गोड चक्का भरला आणि मधोमध मेंढरू काढलं. मी म्हटलं, “याला पाच पाय कसे गं?”

“शेपूट आहे ते, आई. चष्मा लाव.”

पाहुण्यांच्या मुलांसाठी वाट्यांतून छोटे केक लावायचे होते, म्हणून कुकरमधलं मीठ तापतच ठेवलं होतं.

आणि तुम्ही आलात. हातात तीन मजली निळा केक, वर प्लॅस्टिकची मोटार. तुमच्या तोंडाला दारूचा वास नव्हता, हे मुद्दाम लिहून ठेवते. उद्या तो बहाणा कुणी सुचवायला नको.

“हे काय शेण थापलंयस?” तुम्ही विचारलंत.

“तुमचा पाहुण्यांना, हा बाळाला,” ती म्हणाली आणि हसली.

“हसतीस? चार लोकांत मला भिकारी दाखवतीस?”

तुम्ही मागून तिचे केस धरलेत आणि तिचं तोंड केकमध्ये दाबलंत. मी क्षणभर हसलेसुद्धा. हल्ली वाढदिवसाला केक तोंडाला फासतात, तसंच काही असेल असं वाटलं. पांगुळगाड्यात बसलेलं बाळ टाळ्या वाजवत होतं.

दुसऱ्यांदा दाबलंत तेव्हा केक उरला नव्हता. खाली ताटाची कड होती. तिसऱ्यांदा ताट सरकलं होतं आणि खाली नुसता कडाप्पा. नारळ आपटावा तसा आवाज झाला. दात ओट्यावरून घरंगळत माझ्या पायाशी आला. तिच्या भुवईवरची कातडी उघडली होती, त्यात चक्का भरला होता आणि त्यातून रक्त येत होतं, सावकाश, गुळाच्या पाकासारखं. बाळ अजून टाळ्या वाजवत होतं. चौथ्यांदा पकड सुटू नये म्हणून तुम्ही तिचे केस मुठीभोवती नीट गुंडाळून घेत होतात.

मी “सोडा” म्हटलं. पुन्हा म्हटलं.

“तुमी मधी पडू नका,” तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात.

तेव्हा मी शेगडीवरचा कुकर सांडशीने उचलला आणि आतलं मीठ, केस ताणून तिच्या मानेपासून लांब धरलेल्या तुमच्या मुठीवर ओतलं.

मूठ उघडली. मीठ जिथे चिकटलं तिथली कातडी तुम्ही झटकलेल्या मिठाबरोबरच फरशीवर पडली. तुमची किंकाळी ऐकून बाळ पहिल्यांदा रडलं. मला त्या वेळी काय वाटलं ते नंतर शांतपणे तपासून पाहिलं. आनंद झाला होता. शिक्षिकेला हे शोभत नाही, पण झाला होता.

तुमचे चुलते लालासाहेब परवा येऊन गेले. भले गृहस्थ. चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले आणि मग मुद्द्यावर आले. “आवं बाई, गंमत केली पोरानं. आजकाल समदीच केक तोंडाला लावत्यात.”

“लावतात, लालासाहेब. दाबत नाहीत.”

“ऱ्हाऊ द्या की. तुमी कुकर फुटला म्हणा, आमीबी त्येच म्हणतोय. तुमी मीठ वतल्याचं कुठं यायचं न्हाई, आन आमच्या पोराचंबी न्हाई. रविवारी जावळ हाय. पोरीला आन नातवाला धाडून द्या.”

खरं लिहिते, यशराज, मला मोह झाला. या वयात कोर्टाच्या पायऱ्या, शाळेतून निलंबन, वर्गातल्या पोरांच्या नजरा, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याला लालासाहेब होकार समजले आणि त्यांनी टोपी उचलली.

आतून प्रांजल बाहेर आली. त्या दिवसापासून ती कुणाशी बोलली नव्हती. ओठाला टाके, कडेवर बाळ.

“आण्णा,” ती लालासाहेबांना म्हणाली, “केक करताना कुकरची शिट्टी काढतात. झाकणाची रिंगपण काढतात. वाफ कोंडतच नाही. मग फुटेल कसा?”

लालासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “आमाला काय म्हाईत. बायकांचं काम त्ये.”

“त्यांनाही माहीत नव्हतं,” प्रांजल म्हणाली. “मी नाही येणार, आण्णा.”

खोटं बोलण्याआधी तुमच्या घरातल्या एखाद्या बाईला विचारलं असतंत, तर निदान खोटं तरी नीट शिजलं असतं.

काल आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. हवालदार सिद्धू माझा विद्यार्थी. आठवीत त्याला ‘देव’ शब्द चालवता येत नसे, आता लोकांचे जबाब सुरेख लिहितो. प्रांजलची फिर्याद त्याने एका दमात उतरवली. माझ्या जबाबाशी आल्यावर पेन थांबलं.

“बाई, हे मिठाचं कशाला? हिसक्यात सांडलं म्हणू की.”

“सांडलं नाही, ओतलं.”

“आवं, तुमच्यावर केस हुईल.”

“होऊ दे. मी एक खोटं बोलले की तिचं सगळं खोटं पडेल. लिही.”

त्याने लिहिलं. मी वाचून पाहिलं आणि सही केली.

जावळ इथेच होईल. त्याला मामाची मांडी लागते आणि शिवतेजला पलटणीतून रजा मिळाली आहे. त्याला फोनवर मी फक्त जावळाचंच सांगितलंय. बाकीचं तो घरी आल्यावर बहिणीचं तोंड बघेल तेव्हा कळेलच. म्हणून तुम्ही रविवारी इकडे फिरकू नये. तुमची काळजी आहे असं नाही. माझ्या मुलाच्या हातून काही होऊ नये एवढंच.

हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी प्रांजलला दाखवलं. तुला काही लिहायचंय का, विचारलं. बाळाला भरवता भरवता ती म्हणाली, “नको. मला सांगायचं होतं ते मी सही करून आलेय.”

कळावे. लोभ नसावा.

राजेश्वरी
(जबाबातल्या कबुलीप्रमाणे आरोपी)